विश्लेषण : दुधातील भेसळ अवरक्त किरण कशी पकडतात?

पहाटे गावच्या दूध संकलन केंद्रावर किटल्या आणि कॅन रांगेला लागतात. प्रत्येकाच्या दुधाचा छोटासा नमुना यंत्राला दिला जातो, पडद्यावर आकडे उमटतात आणि पावती बाहेर येते. फॅट किती, एसएनएफ किती, यावर त्या दिवसाचा दर ठरतो. तेच दूध टँकरने शहरात येते, पिशवीत भरले जाते आणि घरोघरी पोहोचते. तिथे प्रश्न वेगळा असतो : या दुधात दुधाशिवाय आणखी काही आहे का? शेतकऱ्याला योग्य मोजमाप हवे असते, ग्राहकाला शुद्धतेची खात्री हवी असते. मोठ्या डेअऱ्यांच्या प्रयोगशाळांत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी एकच तंत्र वापरले जाते, ते म्हणजे अवरक्त वर्णपटमापन, अर्थात इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. हे तंत्र नेमके काय पाहते आणि त्याला काय दिसत नाही?

जुन्या चाचण्या कुठे कमी पडतात?

दुधाची सर्वांत ओळखीची चाचणी म्हणजे लॅक्टोमीटर. तो दुधाची घनता मोजतो. गायीच्या चांगल्या दुधात तो साधारण २८ ते ३२ अंश, गावच्या भाषेत ‘डिग्री’ दाखवतो. पाणी घातले की डिग्री खाली येते. पण दुधातील स्निग्धांश काढून घेतला की डिग्री वर जाते. म्हणजे मलई काढून मोजके पाणी घातले, तर लॅक्टोमीटर पुन्हा ‘योग्य’ आकडा दाखवतो. साखर, मीठ किंवा युरिया विरघळवला तरी पाण्याने घसरलेली डिग्री सावरता येते.

फॅट मोजण्याची गर्बर पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये विकसित झाली. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने दुधातील प्रथिने विरघळवायची, नळी यंत्रात गरगर फिरवायची आणि वर आलेला स्निग्धांश मोजायचा. ही पद्धत भरवशाची आहे, पण वर आलेला थर दुधातील स्निग्धांशाचा की पामतेलाचा, हे ती सांगत नाही.

प्रथिनांचेही तसेच. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेली पद्धत थेट प्रथिने नव्हे, तर नायट्रोजन मोजते. दुधासाठी तो आकडा ६.३८ ने गुणला की प्रथिनांचे प्रमाण मिळते. युरियात वजनाच्या सुमारे ४६ टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे १ ग्रॅम युरिया या चाचणीला जवळपास ३ ग्रॅम प्रथिनांइतका भासतो. मेलामाइन या रसायनात तर नायट्रोजन सुमारे ६६ टक्के. याच पळवाटेचा वापर करून चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले. २००८ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले तेव्हा सुमारे ३ लाख बालके आजारी पडली होती आणि ६ बालकांचा मृत्यू झाला. नायट्रोजन मोजणे म्हणजे प्रथिने ओळखणे नव्हे, हा धडा जगाला फार महागात पडला.

अवरक्त किरण म्हणजे काय?

१८०० मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून सोडला आणि वेगवेगळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथला तापमापक सर्वाधिक चढला. हा न दिसणारा, पण ऊब देणारा प्रकाश म्हणजे अवरक्त किरण. शेकोटीसमोर हात धरला की जाणवते ती ऊब प्रामुख्याने त्यांचीच.

पदार्थ ओळखण्यासाठी यातील साधारण २.५ ते २५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा पट्टा सर्वांत उपयोगी ठरतो. १ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अमेरिकेचे विल्यम कोब्लेंट्झ यांनी १९०५ मध्ये शंभराहून अधिक पदार्थांचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : रेणूंमधील अणूंचे विशिष्ट गट कोणत्याही पदार्थात असले, तरी साधारण ठरावीक तरंगलांबीचेच किरण शोषतात.

रेणूचा ‘ठसा’ कसा उमटतो?

रेणूतील अणू एकमेकांना घट्ट चिकटवलेले नसतात. दोन चेंडू स्प्रिंगने जोडावेत, तसे ते सतत हलत असतात. स्प्रिंग जितकी कडक आणि चेंडू जितके हलके, तितके कंपन जलद. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील दुहेरी बंध, कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातील बंध, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यातील बंध, या प्रत्येकाची कंपनाची गती वेगळी. ही गती अफाट असते. स्निग्ध पदार्थांतील कार्बन-ऑक्सिजन बंध सेकंदाला सुमारे ५२ लाख कोटी वेळा कंप पावतो.

झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. तसेच बंधाच्या लयीशी जुळणारा अवरक्त किरण आला तरच तो शोषला जातो. बाकीचे किरण आरपार निघून जातात. नमुन्यातून पार झालेल्या प्रकाशात कोणत्या तरंगलांबीचे किरण किती कमी झाले, याचा आलेख काढला की त्या पदार्थाचा अवरक्त वर्णपट मिळतो. साधारण ६.७ मायक्रोमीटरच्या पुढचा भाग इतका गुंतागुंतीचा आणि प्रत्येक पदार्थागणिक इतका वेगळा असतो, की त्याला ‘बोटाच्या ठशांचा पट्टा’ असेच म्हणतात.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की ही पद्धत नायट्रोजन किंवा घनता अशा एखाद्या अप्रत्यक्ष खुणेवर अवलंबून नाही. युरिया आणि प्रथिने या दोहोंत नायट्रोजन असला तरी त्यांच्या बंधांची रचना वेगळी आहे. त्यामुळे त्यांचे ठसेही वेगळे उमटतात.

दुधात नेमके काय मोजले जाते?

गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्यात स्निग्धांश, प्रथिने, लॅक्टोज ही दुग्धशर्करा आणि क्षार. दुधातील हे घटक अवरक्त किरणांनी मोजता येतात, हे ब्रिटनमधील संशोधक जे. डी. एस. गोल्डन यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. त्यांनी निवडलेल्या तरंगलांबी आजही या तंत्राचा पाया आहेत. स्निग्धांशासाठी ५.७ मायक्रोमीटर, प्रथिनांसाठी ६.५ मायक्रोमीटर आणि लॅक्टोजसाठी ९.६ मायक्रोमीटर. पुढे स्निग्धांशासाठी ३.५ मायक्रोमीटरजवळची कार्बन-हायड्रोजन बंधाची खूणही वापरात आली.

प्रथिनांची सर्वांत ठळक खूण खरे तर ६.१ मायक्रोमीटरच्या आसपास असते. पण नेमके तिथेच पाणीही किरण जोरात शोषते. ८७ टक्के पाण्याच्या गोंगाटात प्रथिनांचा आवाज ऐकू येणे कठीण, म्हणून शेजारची ६.५ मायक्रोमीटरची खूण निवडली गेली.

यंत्र काम कसे करते?

पाणी अवरक्त किरण इतके शोषते, की कपभर दुधातून पलीकडे काहीच पोहोचणार नाही. म्हणून दूध दोन पारदर्शक खिडक्यांमधल्या अतिशय अरुंद फटीत सोडले जाते. ही फट साधारण ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. खिडक्या साध्या काचेच्या चालत नाहीत, कारण काच हे किरण अडवते. त्यासाठी कॅल्शियम फ्लोराइडसारखे स्फटिक वापरतात. त्याआधी दूध सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करून उच्च दाबाने एकजीव केले जाते. तसे केले नाही तर स्निग्धांशाचे मोठे गोळे प्रकाश इकडेतिकडे विखुरतात आणि आकडा चुकतो.

पूर्वीची यंत्रे एकेक तरंगलांबी वेगळी करून तपासत. आजची यंत्रे सर्व तरंगलांबी एकदम सोडतात. हलत्या आरशाच्या साह्याने त्यांचा एकत्रित संकेत नोंदवला जातो आणि ‘फूरिए रूपांतर’ या गणिती क्रियेने संगणक त्यातून प्रत्येक तरंगलांबीचा हिस्सा वेगळा काढतो. वाद्यवृंदाचे एकच ध्वनिमुद्रण ऐकून कोणते वाद्य किती जोरात वाजले हे सांगावे, तसा हा प्रकार. यंत्राच्या ‘एफटीआयआर’ या नावातील ‘एफटी’ याच गणिताचे. त्यामुळे फॅट, प्रथिने, लॅक्टोज आणि एसएनएफ हे सारे आकडे एकाच नमुन्यातून मिनिटभरात मिळतात. आम्ल नको, गाळणे-तापवणे नको.

भेसळ कशी ओळखतात?

दोन मार्ग आहेत. पहिला, संशयित पदार्थाची खूण शोधणे. उसाच्या साखरेची एक ठळक खूण १० मायक्रोमीटरच्या आसपास येते. ती लॅक्टोजच्या शेजारी असली तरी वेगळी काढता येते. युरियाची एक खूण ६.८ मायक्रोमीटरजवळ दिसते. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज, अमोनियम सल्फेट यांचेही आपापले ठसे आहेत.

दुसरा मार्ग अधिक व्यापक. शेकडो-हजारो शुद्ध नमुन्यांचे वर्णपट संगणकात साठवायचे आणि नवा नमुना त्या घोळक्यात बसतो का, हे पाहायचे. बसला नाही, तर ‘काहीतरी वेगळे आहे’ असा इशारा मिळतो. काय मिसळले आहे हे आधी माहीत असण्याची गरज नसते. भेसळ करणारे दर वेळी नवा पदार्थ शोधतात, त्यामुळे हा मार्ग महत्त्वाचा ठरतो.

युरियाच्या बाबतीत मात्र एक पेच आहे. जनावराच्या शरीरातील चयापचयातून थोडा युरिया दुधात नैसर्गिकपणेच येतो आणि चाऱ्यातील प्रथिनांनुसार त्याचे प्रमाण बदलते. म्हणून ‘युरिया सापडला’ एवढे पुरेसे नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) दुधातील युरियाची मर्यादा दशलक्ष भागांत ७०० भाग अशी ठेवली आहे. प्रश्न ‘आहे की नाही’ हा नसून ‘किती आहे’ हा असतो.

मग सर्वच भेसळ पकडली जाते का?

नाही. दुधातील स्निग्धांश आणि वनस्पती तेल रासायनिकदृष्ट्या भाऊबंद आहेत. दोघांतील कार्बन-ऑक्सिजन बंधाची खूण जवळपास एकाच जागी येते. फरक सूक्ष्म असतो, दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्लासारखी आखूड साखळीची आम्ले असतात एवढाच. म्हणून तेलाचा संशय आला, तर गॅस क्रोमॅटोग्राफीने वनस्पतिजन्य स्टेरॉल शोधून खात्री करावी लागते.

मीठ या किरणांना थेट दिसतच नाही. सोडियम क्लोराइड मध्य-अवरक्त पट्ट्यात किरण शोषत नाही. किंबहुना याच गुणामुळे मिठाचे स्फटिक अशा यंत्रांच्या खिडक्यांसाठी वापरले जात. त्यामुळे मिठासाठी विद्युतवाहकता मोजणे किंवा रासायनिक चाचणी हाच मार्ग. दूध टिकवण्यासाठी घातलेले हायड्रोजन पेरॉक्साइड तर दुधातच विघटन पावून पाणी आणि ऑक्सिजन होते. उशिरा तपासले तर हाती काही लागत नाही.

सर्वांत मोठी मर्यादा प्रमाणाची. दुधासारख्या पाणीदार पदार्थात टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास ही पद्धत अडखळू लागते. जनावरांच्या बुरशी लागलेल्या खाद्यातून दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन एम१ हे विष घ्या. त्याची भारतातील मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे वरच्या पातळीच्याही सुमारे दोन लाख पट कमी. प्रतिजैविकांच्या अंशांचीही गोष्ट तीच. त्यासाठी वेगळी, महागडी आणि वेळखाऊ उपकरणे लागतात.

देशातील चित्र काय सांगते?

या मर्यादेचे महत्त्व आकड्यांतून कळते. एफएसएसएआयने २०११ मध्ये १,७९१ नमुने तपासले तेव्हा ६८.४ टक्के नमुने निकषांत बसले नाहीत आणि ‘दोन तृतीयांश दूध भेसळीचे’ असा समज पसरला. २०१८ च्या सर्वेक्षणात १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले गेले. त्यांपैकी सुमारे ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित आढळले. दूध असुरक्षित ठरावे अशी भेसळ फक्त १२ नमुन्यांत होती. मात्र ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेपेक्षा जास्त होते. फॅट-एसएनएफसारख्या गुणवत्तेच्या निकषांतही अनेक नमुने कमी पडले.

याचा अर्थ दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. फॅट किंवा एसएनएफ कमी असणे म्हणजे दूध विषारी असणे नव्हे. पाणी घातलेले असू शकते किंवा जनावराचा आहार निकृष्ट असू शकतो. उलट सर्व आकडे योग्य असलेल्या दुधातही खाद्यातून आलेले विष असू शकते आणि ते अवरक्त यंत्राला दिसणार नाही. भेसळखोरावरील छाप्यांइतकेच गोठ्यातील कोरडे, बुरशीमुक्त खाद्यही महत्त्वाचे आहे, ते यामुळे.

गावच्या केंद्रावर हेच यंत्र असते का?

बहुतेक ठिकाणी नाही. एफटीआयआर यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते, त्याला स्थिर वीज आणि प्रशिक्षित हात लागतात. त्यामुळे ते मोठ्या संकलन केंद्रांत किंवा डेअरीच्या प्रयोगशाळेत असते. गावपातळीवर सर्रास दिसतात ती अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे. दुधातून ध्वनी किती वेगाने जातो, यावरून ती फॅट आणि एसएनएफचा अंदाज बांधतात. ती स्वस्त आणि झटपट आहेत, पण विरघळलेला पदार्थ साखर आहे की लॅक्टोज, हे ती ओळखत नाहीत.

यंत्र कोणतेही असो, ते अचूक राहते ते अंशांकनामुळे, म्हणजे कॅलिब्रेशनमुळे. यंत्र थेट फॅट ‘पाहत’ नाही. ते संकेत पाहते आणि आधी शिकवलेल्या नमुन्यांच्या आधारे आकडा काढते. गायीच्या दुधावर शिकवलेले यंत्र म्हशीच्या दाट दुधाला, किंवा हिवाळ्यातील नमुन्यांवर शिकवलेले यंत्र उन्हाळ्यातील दुधाला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. म्हणून गर्बर, केल्डाल यांसारख्या मूळ पद्धतींनी तपासलेल्या स्थानिक नमुन्यांशी ते वारंवार ताडून पाहावे लागते. अवरक्त यंत्रांसाठी याबाबत ‘आयएसओ ९६२२’ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकही आहे. जुन्या पद्धती मोडीत निघालेल्या नाहीत. नव्या यंत्राला खरे-खोटे सांगण्याचे काम त्याच करतात.

यात शेतकऱ्याचे काय पणाला लागते?

महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आधार धरून सांगितला जातो. ०.१ टक्का म्हणजे एक पॉइंट. पॉइंट घसरला की दर कापला जातो. समजा, कपात पॉइंटमागे ३० पैसे आहे, शेतकरी रोज ५० लिटर दूध घालतो आणि यंत्र चुकून दोन पॉइंट कमी दाखवते. तर रोजचे ३० रुपये, म्हणजे महिन्याला ९०० रुपये बुडाले. पडद्यावरचा फरक ०.२ चा, पण घरात तो पेंडीच्या पोत्याचा हिशेब बिघडवतो. केंद्रावरील यंत्रांची नियमित आणि त्रयस्थ तपासणी व्हावी, ही दूध उत्पादकांची मागणी यातूनच आली आहे.

यंत्राचा अहवाल न्यायालयात चालतो का?

अवरक्त यंत्राचा निकाल हा बहुधा पहिली चाळणी असतो. टँकर आत घ्यायचा की बाजूला ठेवायचा, हे ठरवण्यास तो उत्तम. पण कारवाईसाठी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार अधिकृत नमुना घ्यावा लागतो. त्याचे चार भाग करून एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने साधारण १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. विक्रेत्याला तो अमान्य असल्यास अपील करता येते. महाराष्ट्रात ही अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. नाशवंत दूध आणि दिवसांत मोजली जाणारी प्रक्रिया यांच्यातील हे अंतर भरून काढण्यासाठीच मिनिटभरात उत्तर देणाऱ्या चाळणीचे मोल मोठे आहे.

दुधापलीकडे हे तंत्र कुठे वापरतात?

औषध कारखान्यात आलेला कच्चा माल खरोखर तोच आहे का, याची ओळख पटवण्यासाठी भारतीय औषधकोशात अवरक्त वर्णपटाची चाचणी आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळा अमली पदार्थ, रंगाचे कपचे, धागे यांची ओळख याच मार्गाने पटवतात. समुद्रातील सूक्ष्म प्लास्टिक कण कोणत्या प्लास्टिकचे, हेही असेच कळते. आणि कार्बन डायऑक्साइड पृथ्वीची उष्णता रोखून धरतो, तोही याच गुणामुळे. त्याचे रेणू १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतात. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन ते शोषत नाहीत.

ग्राहकाच्या हाती काय?

घरी अवरक्त यंत्र नसले तरी काही ढोबळ चाचण्या करता येतात. दुधात तेवढेच पाणी घालून जोरात हलवल्यावर दाट, टिकणारा फेस आला तर डिटर्जंटचा संशय घ्यावा. शुद्ध दुधाला फेसाचा पातळ थरच येतो. दूध पाणी घालून उकळून गार करावे आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर स्टार्च आहे. अशा चाचण्यांची माहिती एफएसएसएआयने ‘डार्ट’ या पुस्तिकेत दिली आहे. त्यांतून संशय बळावतो, पण पुरावा मिळत नाही. पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो.

भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टन दूध उत्पादन झाले. जगात सर्वाधिक. हे दूध लाखो छोट्या गोठ्यांतून थोडे थोडे करून गोळा होते आणि एकत्र झाल्यावर कोणत्या कॅनमध्ये काय होते हे शोधणे अशक्य होते. म्हणून तपासणी जितकी गोठ्याच्या जवळ, तितकी उपयोगी. अवरक्त यंत्रे लहान आणि स्वस्त होऊ लागली आहेत. ती संकलन केंद्रापर्यंत पोहोचली आणि त्यांचे अंशांकन प्रामाणिक राहिले, तर प्रामाणिक शेतकऱ्याला त्याच्या दुधाचे पूर्ण दाम मिळेल आणि भेसळीचा कॅन टँकरमध्ये ओतण्याआधीच बाजूला निघेल.